गोमाकाकींचा गाळा

आमच्या रुग्णसाहित्य केंद्राची स्मरणिका निघणार आहे. तिच्यात गोमाकाकी भोईर यांच्यावर एक पान असावं असं कार्यकारिणीचं ठरलं, आणि ते मी लिहावं असंही ठरलं, कारण मी शाळेत मराठी शिकवायचे आणि काकींच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली मीच जास्त दिसायचे. आमचे अध्यक्ष प्रभुणे सर यांनी फोनवर मुद्देही दिले. मायाळू, दानशूर, शांत, मितभाषी. मितभाषी ऐकल्यावर मी फोन कानापासून लांब धरून नाव पुन्हा वाचलं, की बोलतायत ते सरच ना.

हा तो लेख नाही. तसलं पान मी लिहिणार नाही हे मी सरांना कळवलंय. ते आता ठाण्याचे कुणी गृहस्थ लिहून देणार आहेत, ज्यांनी काकींना आयुष्यात पाहिलेलं नाही. त्यांना चारही विशेषणं वापरता येतील.

डोंबिवलीकरांना रुग्णसाहित्य केंद्र म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की लोखंडी खाट, वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची हे सगळं केंद्रातून न्यायचं आणि काम झालं की परत करायचं. काम झालं म्हणजे माणूस उठून चालायला लागला किंवा गेला. आमचं केंद्र पूर्वेला, काकींच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात आहे. गाळा त्यांनी फुकट दिलेला. त्यांचे यजमान वर्षभर अंथरुणावर होते, तेव्हा मागच्या आळीतल्या एका कुटुंबाने काही न विचारता आपल्याकडची खाट आणून टाकली होती. म्हातारा गेल्यावर काकींनी मुलांना सांगितलं की हा गाळा भाड्याने द्यायचा नाही, खाटांना द्यायचा. पुढे नोंदणी, ऑडिट, धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस हे सगळं कोण बघणार म्हणून आमच्यासारखी शिकलेली माणसं आली. तिथून बिघडायला लागलं असं काकींचं मत होतं आणि ते त्या आमच्या तोंडावर सांगायच्या.

काकी आगरी. आज जिथे त्यांची इमारत आहे तिथे त्यांनी स्वतः भात लावलेला. आता मुलगे बिल्डर. मी राहते ती इमारतही त्यांच्या थोरल्यानेच बांधलीय आणि तिच्या बाथरूमची गळती मी कैक वर्षं सहन करतेय. एकदा मी हे काकींना ऐकवलं. त्या म्हणाल्या, त्याला मी पोरगा म्हणून वाढवला, इंजिनियर म्हणून नाही, तू घर घेताना विचारायचं होतंस. विषय संपला.

गुडघ्यापर्यंतचं लुगडं, गळ्यात घसघशीत सोनं, दातांना मिसरी. संध्याकाळी शटरच्या बाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या. आवाज असा, की समोरच्या मेडिकलवाल्याला काही सांगायचं तर त्यांना फोनची गरज पडली नाही. येणाऱ्याला पहिला प्रश्न, घराचं दार केवढं आहे? आंबिवलीच्या, शहाडच्या बैठ्या चाळींमध्ये बोळ इतके अरुंद की आम्ही दिलेली खाट दारातूनच परत यायची, आणि तिचं जाण्या-येण्याचं टेम्पोभाडं त्या गरिबाच्या डोक्यावर. काकी दोन्ही हात पसरून विचारायच्या, एवढं? का एवढं? समोरचाही हात पसरून दाखवायचा. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, या दोघांचं कशाचं भांडण चाललंय.

त्या काही देवी नव्हत्या, हे मी स्मरणिकेतसुद्धा लिहिलं असतं. गाववाल्यांचा नंबर त्या खुशाल आधी लावायच्या. मुलांच्या दोन इमारतींना अजून धड कागदपत्रं नाहीत आणि त्यावर कुणी बोललं तर त्या अंगावर यायच्या. आलेल्या बायांना इतक्या रागवायच्या की एक-दोघी रडत परत गेल्या. मग काकी स्वतःच त्यांना घरून बोलावून आणायच्या आणि चहा पाजायच्या, चहा पाजताना पुन्हा रागवायच्या.

आमच्या कार्यकारिणीने नियम केला, की साहित्य नेणाऱ्याने आधार कार्ड, रेशन कार्ड आणि डोंबिवलीतल्या एका प्रतिष्ठित नागरिकाची शिफारस आणायची. वस्तू परत न येण्याची भीती. आता आंबिवलीच्या झोपडीतल्या माणसाने डोंबिवलीतला प्रतिष्ठित नागरिक कुठून पैदा करायचा? एक बाई आली होती, नवऱ्याचा पाय कापलेला, चाकाची खुर्ची हवी होती. सरांनी तिला अगदी नम्रपणे नियम समजावून सांगितला. सर नेहमीच नम्र असतात. काकी बाहेर बसून ऐकत होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "सर, पाय तुटलेला मानूस खुर्ची घेऊन पलून जानार हाय का?"

सर हसले आणि म्हणाले की प्रश्न तत्त्वाचा आहे. काकींनी खुर्ची उघडली, ढकलत त्या बाईच्या रिक्षापर्यंत नेली आणि परत येऊन सरांना म्हणाल्या, लिहा माझं नाव, मी प्रतिष्ठित आहे. त्यानंतर जो येईल त्याची शिफारस काकीच करायच्या. सही येत नव्हती, अंगठा उठवायच्या. निळा अंगठा दिवसभर लुगड्याला पुसायच्या आणि आमच्यासमोर मुद्दाम पुसायच्या.

मला दान देणाऱ्यांचा मनापासून राग येतो आणि तो राग मला काकींनी दिलाय. पूर्वी मीही सगळ्यांसारखी, कुणी काही देतंय म्हटलं की हात जोडून उभी. मग बघायला शिकले. लोक काय देतात ते बघा. वाढदिवसाला हॉस्पिटलात फळवाटप, म्हणजे एका पेशंटच्या हातात एक केळं आणि त्या केळ्याला पाच जणांचे हात लागलेले, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. पेशंट बिचारा केळ्याकडे बघतोय. थंडीत ब्लँकेटं, तीही तिथेच जिथे मागच्या आठवड्यात दुसऱ्या मंडळाने वाटली. आणि कपडे. कपडे देणं म्हणजे कपाट रिकामं करण्याची युक्ती आहे हो, त्याला दान म्हणू नका.

घोडबंदर रोडच्या एका टॉवरवाल्या सोसायटीने एकदा आमच्यासाठी 'एक हात मदतीचा' असं काहीतरी केलं आणि टेम्पो भरून सामान पाठवलं. आम्ही मागितले होते वॉकर, युरिनची भांडी, मोठ्या माणसांचे डायपर. टेम्पोतून निघाले पार्टीचे गाऊन, एकेक पायाचे बूट, तुटका मिक्सर, स्विमिंगचे चष्मे, मुदत संपलेली टॉनिकं आणि एका पिशवीत वापरलेले टूथब्रश. टूथब्रश. कुणीतरी शुद्धीत राहून ते पिशवीत भरले होते, वर गाठ मारली होती आणि गरिबांसाठी खाली पाठवले होते. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं. काकींना नाही आलं. त्यांनी धाकट्या मुलाला गाडी काढायला लावली, टेम्पोवाल्याला मागे यायला सांगितलं आणि मला पुढच्या सीटवर बसवलं, कारण इंग्लिश बोलायची वेळ आली तर मास्तरीण हवी.

घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही अर्धी दुपार अडकलो. काकींचा राग त्यात निवेल अशी मला आशा होती. तो उलट मुरला. सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीने रजिस्टर पुढे केलं, कुणाकडे जायचंय? काकी म्हणाल्या, सगळ्यांकडे. क्लबहाउसच्या पायऱ्यांवर त्यांनी टेम्पो रिकामा करवला, पिशवी पिशवी उघडून, गाऊन वेगळे, बूट वेगळे. बायका जमल्या. एकीने विचारलं, आंटी, गरीब लोगों को चलता है ना ये सब? त्यावर माझं इंग्लिश काही कामाला आलं नाही. काकी तिला मराठीतच म्हणाल्या, "आमी काय कचराकुंडी हाव? तुमाला नको तर आमाला कशाला?" आणि टूथब्रशची पिशवी तिच्या हातात दिली.

त्या सोसायटीने आमच्याशी संबंध तोडले. कार्यकारिणीत काकींवर नाराजीचा सूर निघाला. देणाऱ्याचं मन दुखावू नये, असं सर म्हणाले. देणाऱ्याच्या मनाची एवढी काळजी घेणारी ही माणसं, घेणाऱ्यालाही मन असतं हे त्यांच्या इतिवृत्तात कधी आलं नाही.

आता प्रकाशची गोष्ट. मला खरं तर एवढीच सांगायची आहे.

प्रकाश रंगारी. आंबिवलीला राहणारा, घोडबंदरच्याच एका उंच इमारतीला बाहेरून रंग देताना परांचीवरून पडला. कंत्राटदार हॉस्पिटलात एकदा आला, नंतर त्याचा फोन लागला नाही. प्रकाश कमरेपासून खाली कायमचा लुळा झाला. त्याची बायको सुनंदा कल्याणला घरकामं करते. आमच्याकडे ती आली तेव्हा प्रकाशच्या पाठीला, माकडहाडापाशी जखम व्हायला लागली होती. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाचं मांस सडायला लागतं, ते. डॉक्टरांनी तिला एअरबेड आणायला सांगितलेलं. एअरबेड म्हणजे नळ्यानळ्यांची गादी, तिला पंप असतो, आलटून पालटून हवा भरते आणि सोडते, त्यामुळे एकाच जागी भार पडत नाही. आमच्याकडचे जुने एअरबेड सगळे बाहेर गेले होते. पण गाळ्यात, सुनंदाच्या डोळ्यांसमोर, नवेकोरे एअरबेड खोक्यात ठेवलेले होते. एका कंपनीने दिलेले. खोक्यांना सोनेरी कागद आणि लाल रिबीन.

ते द्यायचे नव्हते. त्यांचं लोकार्पण व्हायचं होतं. पाहुणे मोठे होते, त्यांची तारीख मिळत नव्हती. एकदा मिळाली ती पुढे गेली, परत मिळाली ती परत पुढे गेली. तोवर माल सुरक्षित राहावा म्हणून कार्यकारिणीने गाळ्याला काकींच्या कुलपावर दुसरं कुलूप घातलं. काकी तेव्हा उरणला लेकीकडे होत्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. सरांनी सुनंदाला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की यादीत तुमचं नाव पहिलं घालतो, पाहुण्यांच्या हस्तेच देऊ, थोडा धीर धरा. ती हो म्हणाली. ती हो म्हणणारच. जिथे तिथे हो म्हणूनच या बायांचं निभतं.

सभेत मी भांडले. खूप भांडले. मला सांगण्यात आलं की एक खोकं फोडलं तर कंपनीला काय उत्तर देणार, आणि मॅडम, तुम्ही भावनिक होताय. सर वाईट नाहीत, ते स्वतःच्या पेन्शनमधून केंद्राला देतात, कुणाला उलट बोलत नाहीत. म्हणूनच तर त्यांच्याशी भांडता येत नाही आणि डोकं फिरतं. मी घरी आले आणि उरणला फोन लावला.

काकी दुसऱ्या दिवशी हजर. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. दुसरं कुलूप बघितलं आणि म्हणाल्या, "गाला कोनाचा न ताला कोनाचा?" वॉचमनने हातोडी आणली. सर धावत आले, त्यांनी कंपनी, पाहुणे, तारीख सगळं परत सांगितलं. काकींनी ऐकूनच घेतलं नाही. त्यांनी वरचं खोकं उचललं आणि धाकट्याला म्हणाल्या, "गारी कार. आंबिवलीला जावाचा हाय." सर बाजूला झाले. गाळा शेवटी काकींचा होता.

आंबिवलीच्या त्या खोलीत मी काकींच्या मागून शिरले. सुनंदा आणि काकींनी प्रकाशला कुशीवर वळवलं. जखमेचं वर्णन मी करत नाही. काकींनी यजमानांचं सगळं वर्षभर काढलेलं, त्या वाकून बघत राहिल्या, एकाच डोळ्याने. पंप लावला, गादी फुगली, प्रकाशला वर घेतला. तिथला डॉक्टर संध्याकाळी येऊन गेला. त्याने स्पष्ट सांगितलं की वेळेवर आणलीत, हाडापर्यंत जायला थोडंच राहिलंय. आता याला जमिनीवर ठेवू नका, तासभरसुद्धा नाही. पुन्हा उघडली तर विष रक्तात जाईल आणि मग मला काही करता येणार नाही.

पुढचे काही आठवडे काकी सारख्या आंबिवलीला. डोळ्याच्या डॉक्टरने प्रवास करू नका म्हटलेलं, त्यालाही शिव्या. जाताना उकडलेली अंडी, सुकट, चवळीची भाजी. सुनंदाला कामं सोडू देत नव्हत्या, म्हणायच्या, तू घरात बसलीस तर खाल काय, मी बसते. आल्यावर खुर्चीत बसून जखमेची बातमी अख्ख्या रस्त्याला. बशीएवढी होती ती वाटीएवढी झाली, कडेने लाल मांस धरतंय. मेडिकलवाला बिचारा गिऱ्हाइकाला औषध देता देता हो हो करायचा. मी काकींना एवढं खुशीत कधी बघितलं नव्हतं.

मग तारीख मिळाली.

हॉल मोठा घेतला होता. बॅनरवर आम्हा सगळ्यांचे फोटो, पाहुण्यांचा सगळ्यांत मोठा. काकींना गाळा दिल्याबद्दल शाल-श्रीफळ द्यायचं होतं म्हणून त्यांची खुर्ची स्टेजवर, अगदी टोकाला. मी खाली, पेशंटच्या नातेवाइकांना बसवायला. त्यांना सकाळी नऊलाच बोलावलेलं. पाहुणे दुपारी आले. तोवर लुळ्या पायांची एक म्हातारी चाकाच्या खुर्चीत ताटकळत बसलेली, कारण तिला त्याच खुर्चीत बसवून फोटो घ्यायचा होता. तिने मला दोनदा विचारलं, बाय, लघवीला कुठे जायचं. मी तिला नेऊन आणलं तर एक कार्यकर्ता म्हणाला, मॅडम, लाइन मोडू नका.

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. पाहुणे सेवेविषयी बोलले. शेवटच्या माणसापर्यंत पोहोचलं पाहिजे, असं ते बऱ्याचदा म्हणाले. शेवटची माणसं पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. मग निवेदकाने पहिलं नाव पुकारलं, सुनंदाचं.

मला वाटलं, जुन्या यादीतून नाव काढायचं राहिलं असेल. पण मागच्या रांगेतून सुनंदा खरोखरच उठली, ती आलेली मला दिसलीच नव्हती. नवी साडी नेसलेली. ती स्टेजवर गेली, पाहुण्यांनी सोनेरी कागदाच्या खोक्याला एक हात लावला, तिने दोन्ही हात लावले, सरांनी बाजूने लावला. फोटो सुरू झाले. तेवढ्यात टोकाच्या खुर्चीतून काकी उठल्या आणि सुनंदाच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सुनंदाला विचारलं, हा दुसरा कशाला? तुला एक दिलाय ना?

सुनंदा सरांकडे बघायला लागली. मग खालच्या आवाजात म्हणाली, पण माइक जवळ होता, सगळ्यांना ऐकू आलं, "काकी, तोच आहे. सरांनी फोन केलेला. म्हणाले, कंपनीला सगळ्या बेडांचे फोटो द्यायचेत, एक कमी पडतोय, आजच्या दिवस घेऊन या, लगेच परत देऊ. पुसून आणलाय मी."

काकींना समजायला एक क्षण लागला. मलाही. मी हे इथे पुन्हा लिहिते, कारण ज्यांनी हे केलं त्यांना ते अजूनही नीट समजलेलं नाही. एका लुळ्या माणसाला त्याच्या गादीवरून खाली उतरवलं होतं. ती गादी पुसून, घडी घालून, रिक्षाने डोंबिवलीला आणून, सोनेरी कागदात गुंडाळून त्याच्याच बायकोच्या हातात द्यायची होती. आणि हे सुचलेल्या माणसाने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्याला फक्त फोटो पूर्ण करायचे होते.

"मंग परकाश कशाव निजलाय?" काकींनी विचारलं.

"खाली," सुनंदा म्हणाली. "गोधडीवर."

"कवापासून?"

"सकाळपासून."

 पाहुण्यांचा हात अजून खोक्यावर होता, तो त्यांनी काढून घेतला. सर पुढे झाले आणि त्यांच्या त्याच आवाजात म्हणाले, काकी, दोन मिनिटं फक्त, फोटो होऊन जाऊ दे, मग गाडीने सोडू.

काकी म्हणाल्या, "फोटो त्याच्या पाठीचा कार."

मग त्यांनी ते खोकं उचलून डोक्यावर घेतलं. भाताचे भारे वाहिलेली बाई, एका हाताने खोकं सावरत त्या स्टेजच्या पायऱ्या उतरल्या. सुनंदा मागे. मी हातातलं फुलांचं तबक कुणाकडे तरी देऊन त्यांच्या मागे निघाले. दारात पोहोचलो तेव्हा निवेदकाने पुढचं नाव पुकारलं आणि टाळ्या वाजल्या.

आम्ही गाडीत बसलो. सुनंदा रडत होती आणि काय झालं ते मला पुन्हा पुन्हा सांगत होती, की बेड काढून घेतील म्हणून घाबरले हो मॅडम, सरांनी काढून घेऊ असं म्हटलं नाही, पण मला वाटलं घेतील. काकी पुढे बसून रस्त्याकडे बघत होत्या. पत्री पुलावर ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली तेव्हा त्या खाली उतरून चालत जायला निघाल्या होत्या, मुलाने हाताला धरून बसवलं.

प्रकाश भिंतीकडे तोंड करून गोधडीवर पडलेला. शेजारची म्हातारी पुठ्ठ्याने वारा घालत होती. गोधडी ओली झालेली आणि पाठीला चिकटलेली. काकींनी कोमट पाणी मागितलं, गोधडी भिजवून भिजवून सोडवली. प्रकाशला कमरेखाली काही कळत नव्हतं, तो आम्हाला विचारत होता की कार्यक्रम कसा झाला, सुनंदाचा फोटो चांगला आला का. जखमेवर धरलेलं सगळं मांस निघून आलं होतं. आत पांढरं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. पावसाळाभर तो तिथेच होता, दोनदा कापाकापी झाली, मरता मरता वाचला. आज आहे, पण अर्धा राहिलाय. काकी तो घरी यायच्या आधीच गेल्या, उरणला, लेकीकडे, झोपेत. कार्यक्रमानंतर त्या गाळ्यावर परत बसल्या नाहीत, मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी, त्या खोलीत.

पंप लावला. गादीत हवा भरायला वेळ लागतो, एकेक नळी हळूहळू वर येते. माझा फोन सारखा वाजत होता. केंद्राच्या ग्रुपवर कार्यक्रमाचे फोटो यायला लागले होते. पहिल्याच फोटोत पाहुणे, सर, सुनंदा आणि सोनेरी खोकं. काकी त्यात नव्हत्या, त्यांच्या बाजूचा भाग कापून टाकलेला. खाली हात जोडल्याची चित्रं, खूप छान उपक्रम, अभिनंदन सर, अभिमान वाटतो. मी फोन बंद केला.

प्रकाशला वर घेतलं, कुशीवर वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली. अंधार पडायला लागला तशी मी निघाले. काकी निघाल्या नाहीत. मुलगा बोलवायला आला, त्यालाही परत पाठवला. दाराबाहेर बोळात पाय टाकताच माझी चप्पल निसटली म्हणून मी थांबले आणि मागे वळून बघितलं. दार उघडंच होतं. प्रकाशचा डोळा लागला होता. काकी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, एक हात गादीवर ठेवून, आणि आमच्या कार्यकारिणीतल्या एकेकाचं नाव घेऊन शिव्या देत होत्या. अध्यक्षापासून सुरुवात करून, कुणालाही न सोडता. अगदी हळू आवाजात, प्रकाशची झोप मोडू नये म्हणून.